परतीची बोअर

"सोमवारी सगळं उपटून टाकणार आहेत!"

टिल्लू धापा टाकत धुलाईच्या खोलीत शिरला. "मी स्वतःच्या कानांनी ऐकलं! संचालकबाई बघतोकाकांना सांगत होत्या. यंत्र काढायचं, दोन्ही बोअरी बुजवायच्या! म्हणे, ते मुळातच चुकीचं बसवलंय!"

चादरींच्या घड्या घालणारी भिंगरी जागच्या जागी थांबली.

ते यंत्र तिच्या आईने बसवलं होतं. दोन वर्षांपूर्वी, ह्याच वृद्धाश्रमात. एका बोअरमधून जमिनीखालचं पाणी वर यायचं, यंत्र त्यातली ऊब काढून घ्यायचं आणि गार झालेलं पाणी दुसऱ्या बोअरमधून परत जमिनीत जायचं. ती ऊब फरशीखालच्या नळ्यांतून सगळ्या खोल्यांत फिरायची. दर महिन्याला आई येऊन यंत्राची गाळणी धुवायची. मग आठ महिन्यांपूर्वी ती आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. बाबा इथे स्वयंपाकी. त्यामुळे थंडीच्या सुट्टीत भिंगरी आणि तिचा धाकटा भाऊ टिल्लू दिवसभर इथेच असायचे.

आणि गेला महिनाभर इथल्या फरश्या बर्फासारख्या गार होत्या. आजी-आजोबा जेवायलासुद्धा ब्लँकेट गुंडाळून बसत.

"आई चुकीचं बसवणार नाही," भिंगरी म्हणाली. पूर्वी ती घरभर गरगर फिरायची, म्हणून तर तिचं नाव भिंगरी पडलं होतं. हल्ली तिचा आवाजही जेमतेम ऐकू यायचा.

"मग शोधून काढू या, कुणी काय चुकवलं ते!" चष्मिस म्हणाला. तो धुलाईवाल्या काकूंचा मुलगा. दोन्ही काड्यांना चिकटपट्टी लावलेला चष्मा सावरत तो उठलासुद्धा.

यंत्राच्या खोलीत भिंगरीने झडप बंद केली आणि गाळणी उघडली. आत तांबडा, बुळबुळीत गाळ गच्च भरलेला!

"ई! कुणी गेरू कालवलाय की काय?" टिल्लूने नाक दाबलं.

"ए! कोण आहे तिकडे?" दारात देखरेख करणारे काका उभे होते. कोणतंही काम सांगा, 'बघतो' म्हणायचे, म्हणून मुलांनी त्यांचं नाव बघतोकाका ठेवलं होतं. "अगं, इथलं पाणीच गंजकं आहे. तुझ्या आईला हे आधी कळायला नको होतं?"

भिंगरीचे डोळे भरून आले. तिने वर येणाऱ्या पाण्याचा नळ उघडला आणि दोन बाटल्या भरल्या. पाणी अगदी नितळ! एक बाटली तिने काठोकाठ भरून घट्ट बंद केली. दुसरी अर्धीच भरली आणि खळखळ हलवली.

"हे काय सरबत?" टिल्लूने विचारलं.

"उद्या सकाळी कळेल."

सकाळी काठोकाठ भरलेली बाटली तशीच नितळ होती. अर्ध्या बाटलीच्या तळाशी मात्र तांबडा गाळ बसला होता!

"हवा!" चष्मिस ओरडला. "पाण्यातल्या लोखंडाला हवा लागली की गंज धरतो!"

"पण आई हवा आत शिरूच द्यायची नाही. ती म्हणायची, परत जाताना पाण्याचा आवाज होता कामा नये."

तिघंही धावत परतीच्या बोअरपाशी गेली. नव्या झाकणाला कान लावला. आतून धबधब, धबधब!

झाकण जड होतं. धुलाईवाल्या काकूंनी येऊन हात लावला तेव्हा कुठे सरकलं. चष्मिसने टॉर्च मारला. आत उतरणारा पाईप मध्येच वेडावाकडा कापलेला होता. त्याचं तोंड पाण्याच्या जवळजवळ तीन मीटर वर लोंबत होतं आणि तिथून पाणी फेसाळत खाली आदळत होतं. "यंत्र थांबलं की हवा इथूनच वर यंत्रात शिरते," भिंगरी म्हणाली.

"कापलेला तुकडा मिळाला तर पुरावाच!" चष्मिस म्हणाला.

कोठार झालं, जिन्याखालची अडगळ झाली. कुठेच नाही! शेवटी टिल्लू वैतागून कपडे वाळत घालायच्या दोरीखाली बसला. त्याचा धक्का लागून दोरीचा टेकू दाणकन त्याच्या पायावर पडला.

"आई गं!"

भिंगरी त्याला उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. टेकू म्हणजे तीन मीटरचा पाईप होता. एका टोकाशी पांढऱ्या रंगात लिहिलं होतं, 'परतीची. तोंड कायम पाण्याखाली.' आईचा 'ख' नेहमी 'रव'सारखा दिसायचा. भिंगरी त्यावरून तिला चिडवायची. इथेही तो तसाच होता.

ती पाईपला मिठी मारून रडली. आई गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. टिल्लू पाय चोळायचं विसरला आणि तिला बिलगून बसला.

चष्मिस त्या दोन बाटल्या घेऊन तसाच संचालकबाईंकडे धावला. दहा मिनिटांनी बघतोकाका अंगणातून चालले होते, तेव्हा तो भोळा चेहरा करून म्हणाला, "काका, टेकू कसला सरळ आहे हो! कुठे मिळाला?"

"मिळतोय कुठे!" काका खूश झाले. "झाकण बदलताना बोअरचा पाईप वर ओढला, तो पुन्हा आत जाईना. मग काय, लावली करवत! टाकाऊतून टिकाऊ!"

वाळत घातलेली चादर बाजूला झाली. मागे संचालकबाई उभ्या होत्या, दोन्ही हातांत दोन बाटल्या.

"ब... बघतो," काका पुटपुटले.

"आता मी बघते!" बाई म्हणाल्या. मग त्या भिंगरीसमोर येऊन उभ्या राहिल्या. "बाळा, माझं चुकलं. न तपासताच मी तुझ्या आईला दोष दिला."

दुपारी आईबरोबर काम केलेले बोअरवाले काका आले. "नवा पाईप यायला चार दिवस लागतील. हाच जोडला तर आज काम होईल." बोलता बोलता त्यांना भिंगरीच्या मिठीतल्या पाईपवरची अक्षरं दिसली आणि ते घुटमळले. "अक्षरांपुरता तुकडा कापून देऊ का तुला?"

भिंगरीने जेवणघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत ब्लँकेटं गुंडाळलेली माणसं बसली होती. कुणीतरी सारखं खोकत होतं.

"नको," ती म्हणाली. "मग तोंड पाण्याच्या वर येईल ना."

तिने अक्षरांवरून एकदा बोट फिरवलं. काकांनी जोड पक्का केला आणि पाईप हळूहळू खाली सोडला. 'परतीची' गेलं. 'कायम' गेलं. मग नुसतं काळं पाणी दिसत राहिलं. आवाज थांबला होता.

यंत्र धुऊन सुरू व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार झाली. संध्याकाळी जेवणघरात संचालकबाईंनी सगळी हकिगत सांगितली. "ह्या तिघांमुळे चूक उघडकीला आली. आणि भिंगरी-टिल्लूच्या आईचं काम अगदी चोख होतं!" टाळ्या थांबेचनात. एका आजीबाईंनी मोजे काढून पाय फरशीवर टेकवले आणि भिंगरीला जवळ ओढून तिचा मुका घेतला.

स्वयंपाकघराच्या दारात बाबा उभे होते. "तिने तुला हे सगळं कधी शिकवलं?"

"शिकवलं नाही, बाबा. मी नुसती तिच्याबरोबर जायचे."

बाबांनी अ‍ॅप्रनमध्ये तोंड लपवलं. त्यांचे खांदे हलत होते. भिंगरी त्यांचा हात धरून उभी राहिली.

"ताई," टिल्लूने हळूच विचारलं, "आईला कळलं असेल?"

आठ महिने त्याच्या असल्या प्रत्येक प्रश्नाला ती 'हो' म्हणत आली होती.

"माहीत नाही रे," ती म्हणाली. मग त्याला जवळ घेऊन ती तिथेच कोमट फरशीवर बसली. बाबाही त्यांच्या शेजारी बसले.