छकुलीच्या वतीनं

माधवीचा त्यात फायदा होता तो एका फोटोचा. पण फोटो साधा नव्हे. पाहुण्यांच्या उजव्या हाताला लेक उभी, लेकीच्या हातात ढाल आणि मागं हायस्कूलचं नाव. असा फोटो निघाला की तो आधी 'हायस्कूल परिवार' या ग्रुपवर पडतो, तिथून निमगाव केतकीच्या स्टँडसमोर फ्लेक्सवर चढतो, आणि एकदा तिथं चढला की थोरल्या जाऊबाईंना बाजारला जाता-येता त्याच्याखालून जावं लागतं. आजवर माधवी तशी जात आली होती. जाऊबाईंचा दिग्विजय कधी वक्तृत्व, कधी प्रज्ञाशोध असं करून वर उभा असायचा, आणि जाऊबाई घरी येऊन म्हणायच्या, "काय गं बाई, उन्हानं पोराचं तोंड पार काळं पडलं फ्लेक्सवर!"

माधवीची स्वप्नाली नववीत होती. हुशार म्हणावं तर पुरावा नव्हता, ढ म्हणावं तर अन्याय झाला असता. गोबऱ्या गालाची, शांत पोरगी. बापाच्या गाडीवर मागं बसून शाळेत जायची आणि तशीच परत यायची. धावणं तिनं पाहिलं होतं ते टीव्हीवर.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन उरकून व्हरांड्यात गुणगौरव सुरू झाला. आभाळ भरलेलं, मैदान ओलं, पोरांच्या बुटांना चिखल. साखर कारखान्याचे एक संचालक पाहुणे म्हणून आले होते आणि सारखे घड्याळ बघत होते. माईक नागेश सरांकडे. नागेश सर चित्रकला शिकवायचे, पण शाळेत त्यांना ओळखत ते सूत्रसंचालनामुळं.

"मुलींमध्ये तीन हजार मीटर धावणे, प्रथम क्रमांक," सर म्हणाले, "कुमारी छकुली..." आणि माईकनं अशी शिट्टी मारली की पुढच्या रांगेतल्या बायांनी कानांवर हात धरले. आडनाव त्या शिट्टीत गेलं.

कुणी उठलं नाही. पोरं फिदीफिदी हसली. घरात लाडानं हाक मारायचं नाव शाळेत कोण लावतं?

"विजेती अनुपस्थित असल्यास तिच्या वतीनं कुणीतरी यावं," सर म्हणाले. "चला लवकर, साहेबांना पुढं इंदापूरला जायचंय."

ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली. तापानं फणफणलेल्या पोराची ढाल मामा घेतो, गावाला गेलेल्या पोरीचं प्रमाणपत्र तिची मैत्रीण घेते. फोटो निघतो, टाळ्या होतात. त्यात कुणाला काही वाटत नाही. माधवीनं पालकांच्या रांगेतून हात लांब करून पुढं बसलेल्या स्वप्नालीच्या पाठीत बोट रुतवलं.

"ऊठ. जा."

"मम्मी, नको ना. मी कुठं धावले?"

"धावलीस म्हणून कोण सांगतंय? वतीनं घ्यायचीय. जा म्हणते ना!"

स्वप्नाली गेली. पाहुण्यांनी तिला काहीतरी विचारलं, तिनं काहीतरी सांगितलं. मग टाळ्या सुरू झाल्या. दिग्विजयला कधी मिळाल्या नव्हत्या इतका वेळ त्या चालल्या. सगळे एकमेकांकडे बघत वाजवत होते, आणि आधी थांबायला कुणी तयार नव्हतं.

"काय विचारलं गं त्यांनी?" घरी येताना माधवीनं विचारलं.

"नाव. मी म्हटलं, मी तिच्या वतीनं आलेय."

"मग?"

"ते म्हणाले, शाब्बास छकुली."

दुपारी ग्रुपवर बातमी आली. 'आनंदाची बातमी! आपल्या विद्यालयाची धावपटू कु. छकुली हिचे हार्दिक अभिनंदन.' खाली स्वप्नालीचा फोटो. माधवीनं हे आधीच धरलं होतं. आता आपण विनयानं दुरुस्ती करायची, म्हणजे नावही होतं आणि नम्रपणाही दिसतो. तिनं लिहिलं, 'फोटोतली मुलगी आमची स्वप्नाली आहे.' त्यावर हात जोडलेले आले, गुलाबाची फुलं आली, आणि एका पालकानं लिहिलं, 'किती गोड! घरी स्वप्नाली म्हणता का?'

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. नागेश सर फलकावर रंगीत खडूनं आगामी कार्यक्रम लिहीत होते.

"सर, ही छकुली कोण?"

"वहिनी, सकाळी सकाळी चेष्टा?" सर हसले. "तुमचीच की."

"माझी स्वप्नाली. तुम्ही तिला पाचवीपासून ओळखता. नाव तुम्हीच पुकारलंत ना?"

सरांनी बोटाचा खडू झटकला. "पुकारलं खरं. तोंडात आलं तसं पुकारलं. पण बरोबर होतं ना? उठून आली की पोरगी."

"मी उठवलं तिला. वतीनं घ्यायला."

"मग जिच्या वतीनं घेतली तिला आणा," सर म्हणाले. चेहरा हसराच होता. "ढाल तिला देऊ. कुठाय ती?"

माधवीनं मधल्या सुट्टीत पोरींना गाठून विचारलं, छकुली कोण गं तुमच्यात? पोरींनी एकमेकींकडे बघितलं. "काय काकू, तुमच्याच घरात हाय की!"

फ्लेक्स चढला. जाऊबाई त्याच्याखालून गेल्या आणि घरी येऊन म्हणाल्या, "छकुली म्हंतीस व्हय गं तिला? आमाला कधी ऐकू आलं न्हाय ते." पण फ्लेक्सवर पडणाऱ्या उन्हाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. खोटं कशाला सांगायचं, माधवीला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मग एका सकाळी तिचा नवरा रणजित गाडीला किक मारत ओरडला, "छकुले, डबा घेतलास का?"

माधवी बाहेर आली. "तुम्हीसुद्धा?"

"अगं, लाडानं म्हटलं."

अडचण होती ती हीच. दुसरं कुठलंही नाव असतं तर भांडता आलं असतं. लाडाच्या नावाला हरकत घ्यायची कशी? घेतली तर लोक म्हणणार, आई असून हिला लेकीचे लाड खपत नाहीत.

पोरगी आता गाडीवर बसेना. चालत जायची, अनवाणी. पहाटे उठून बांधानं धावून यायची. गाल ओसरले, पोटऱ्या तारेसारख्या झाल्या. माधवीनं एकदा तिचे पाय धुवायला घेतले तर टाचांना जुन्या भेगा होत्या, वर्षानुवर्षं चालल्यावर पडतात तशा, आणि भेगांत माती बसलेली होती. त्यांचं सगळं रान काळं. ही माती पांढरट होती, आणि ब्रशनं घासली तरी निघत नव्हती.

"कुठं जातेस गं तू धावायला?"

"हितंच," पोरगी म्हणाली. स्वप्नाली कधी 'हितं' म्हणत नसे. माधवीनं तिला पहिल्यापासून 'इथं' म्हणायला शिकवलं होतं.

इंदापूरला तालुक्याच्या स्पर्धा झाल्या. माधवीनं घेतलेले नवे बूट पोरीनं रेषेबाहेर काढून ठेवले, जोडीनं, नीट, परक्याच्या दारात काढावेत तसे. आणि ती पहिली आली. कुणाच्या वतीनं नाही, स्वतःच्या पायांनी. ग्रुपवर पुन्हा फुलं पडली. तेव्हाच माधवीच्या लक्षात आलं, की पोरगी आपल्याला 'मम्मी' म्हणत नाही. काहीच म्हणत नाही. पाणी हवं असलं तर येऊन नुसती माठाजवळ उभी राहते.

"जिल्ह्याच्या स्पर्धेला बारामतीला नाही जायचं," माधवीनं घरात जाहीर केलं. "बास झालं धावणं."

रणजितनं तिच्याकडे बघितलं. जाऊबाईंनी बघितलं. दिग्विजयनंसुद्धा पुस्तकातून मान वर केली.

"अगं, फलकावर नाव लागलंय," रणजित म्हणाला.

"वहिनी, ग्रुपवर पडलंय," फोनवर नागेश सर म्हणाले. "साऱ्या शाळेचं नाव आहे. एका आईच्या हट्टापायी?"

आणि जाऊबाई, जन्मात पहिल्यांदाच मायेनं म्हणाल्या, "असं करू नी गं. पोरीच्या नशिबाला आडवी जाऊ नी."

माधवी मग स्वतःच बरोबर गेली. तिनं मनाशी एक ठरवलं होतं. मैदानाच्या दोरीला उभं राहायचं, आणि लेक समोरून गेली की दर फेरीला तिच्या नावानं हाक मारायची. एकदा जरी तिनं वळून बघितलं, तर स्पर्धा गेली खड्ड्यात, तिला धरून थेट एसटीत बसायचं.

बारामतीला रात्री पाऊस पडून गेला होता. मैदानाला ओल्या चुन्याचा वास येत होता. लाउडस्पीकरवर नाव आलं, कुमारी छकुली, आणि पुढं तीच शिट्टी. इथले लोक वेगळे होते, माईक वेगळा होता. कान झाकायला कुणाचा हात वर गेला नाही.

शर्यत सुटली.

"स्वप्नाली!" पहिल्या फेरीला माधवी ओरडली. पोरगी समोरून गेली. डोळे पुढं.

"स्वप्नाली! ए स्वप्ने!"

शेजारची बाई म्हणाली, "ताई, कुणाला हाका मारताय? ह्यात त्या नावाची कुणी न्हाय."

"माझी मुलगी आहे ती."

"कोणती?"

माधवीनं बोट केलं. बाईनं बघितलं, माधवीकडे बघितलं, आणि थोडी सरकून उभी राहिली.

शेवटच्या फेरीला पोरगी सगळ्यांच्या पुढं होती. माधवीचा आवाज बसला होता. फीत पोरीच्या छातीला लागली, तुटली, लोक ओरडले.

पोरगी थांबली नाही.

ती तशीच धावत राहिली. पंचांच्या टेबलाला वळसा घालून, मंडपाच्या कडेनं, सरळ फाटकाकडे. फाटकाबाहेर रस्ता होता, आणि रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर चालले होते.

लोक अजून टाळ्या वाजवत होते.

माधवी दोरीखालून वाकून पळाली. "स्वप्ने, थांब! स्वप्नाली! बाळा!"

फाटक आलं.

तुटलेली फीत पोरीच्या गळ्यातून मागं उडत होती. पहिल्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.

"छकुले!" माधवी किंचाळली.

पोरगी जागच्या जागी थांबली.

वळली. तिला धापसुद्धा लागली नव्हती. अनोळखी गावात कुणीतरी बरोबर नावानं हाक मारावी, तशी ती जरा नवलानं, जरा आदबीनं हसली.

"काय वं, काकी?"

संध्याकाळी सगळे परतले. हिशोब मांडायचा तर शाळेच्या कपाटात जिल्ह्याची ढाल आली. नागेश सरांचं नाव मार्गदर्शक म्हणून बातमीत आलं. रणजितला चौकात तिघांनी थांबवून चहा पाजला. आधीच्यापेक्षा मोठ्या फ्लेक्सची तयारी सुरू झाली, आणि जाऊबाईंनी स्वतःच्या हातानं पेढे वाटले. ज्याच्या त्याच्या पदरात काही ना काही पडलं. ते कुणी फेडायचं, एवढंच राहिलं होतं.

माधवी स्वयंपाकघरात भाताचा कुकर लावत होती. पोरगी उंबऱ्याबाहेर बसली होती. ये म्हटल्याशिवाय आत आली नाही, आणि आली तरी भिंतीला पाठ लावून पाय पोटाशी घेऊन बसली.

"माजी आय यील न्यायला," ती म्हणाली. "तवर बसू का हितं?"

"बस."

गॅसचा निळा जाळ फुरफुरत होता. पोरीनं घरभर नजर फिरवली. खुंटीवरचं दप्तर, दाराआडचे बूट, खिडकीत वाळत घातलेला शाळेचा पांढरा ड्रेस.

"काकी, तुमाला लेकरं किती?"

"एक," माधवी म्हणाली. "मुलगी."

"माज्याएवढी?"

"तुझ्याएवढीच."

"नाव काय वं तिचं?"

माधवी सांगायला वळली. ओठ उघडले, पण नाव आलं नाही. तिनं त्या ड्रेसकडे बघितलं, दप्तराकडे बघितलं, पुन्हा पोरीकडे बघितलं. कुकरची पहिली शिट्टी झाली. मग दुसरी झाली. तिनं ओठ मिटले, पदरानं हात पुसले, आणि फळीवरून पाहुण्यांची एक ताटली काढली.

"जेवूनच जा, बाळ," ती म्हणाली.