पोपरांच्या घराची ओ

विंडसरमध्ये एक होता नंदन, एक होती उमा, त्यांची एक सहा वर्षांची ईशिता, आणि त्यांच्यामागून आलेली मी, नंदनची आई. घरात सगळं होतं, ईशिताचा आवाज तेवढा नव्हता. विमानातून उतरल्यापासून पोरीने तोंड उघडलं नव्हतं. डॉक्टर म्हणायचे, वेळ द्या. उमा वॉशरूममध्ये नळ सोडून रडायची. तिला वाटायचं, आम्हाला कळत नाही.

शेजारी फ्रान्सका राहायची. ऐंशी ओलांडलेली, एकटी, स्लोव्हेनियातल्या एका डोंगरगावची. तिचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं, म्हणून आमचं छान जमायचं. दुपारी विणता विणता ती आम्हा आजी-नातीला गोष्टीतूनच तिचं गाव चढवायची. रस्ता फुटतो तिथे खांबाएवढं देऊळ, आत मेणबत्ती. पुढे झऱ्याची दगडी डोणी. मग लिंडनचं झाड, चौघांच्या कवेत न मावणारं, फुललं की मधासारखं घमघमणारं. माथ्यावर चर्च.

तिथे घराला नाव असतं. माणसं बदलली तरी नाव राहतं. हिमवादळात कुणी वाट चुकलं की चर्चची घंटा वाजवायची, आणि चुकलेल्याने आपल्या घराच्या नावाने ओ द्यायची. ओ आल्याशिवाय दोर सोडायचा नाही. फ्रान्सकाचं घर कोवाच, म्हणजे लोहाराचं. लढाईत शिपायांनी घंटा उतरवून नेली, तोफा ओतायला. त्याच हिवाळ्यात तिचे वडील लाकडं आणायला रानात गेले. वाजवायला घंटा नव्हती.

"तुझ्या घराचं नाव पोपर," एकदा ती मला म्हणाली. पोपर म्हणजे मिरी. "तू फोडणी देतेस आणि शिंका मला येतात."

ईशिता तेव्हा हसली होती. बिनआवाजाचं.

त्या जानेवारीत फ्रान्सका घसरून पडली आणि हॉस्पिटलात गेली. त्याच आठवड्यात एका दुपारी मी ईशिताला स्कूलबसवरून आणायला गेले. रोजचाच रस्ता. बस आम्हाला सोडून वळली आणि वारा उठला. असा बर्फ मी पाहिला नव्हता. खालून, बाजूने, डोळ्यांत. घरं गेली, दिव्यांचे खांब गेले. पोरीचा हात हातात होता, पोर दिसत नव्हती.

चालता चालता मला धाप लागली. माझं माहेर देवरुखकडचं, चढ माझ्या गुडघ्यांना कळतो. विंडसर पोळपाटासारखं सपाट... आणि आम्ही चढत होतो.

उजव्या अंगाला एक लहानसा उजेड दिसला. खांबाएवढं देऊळ, आत मेणबत्ती. एवढ्या वाऱ्यात ज्योत हलत नव्हती. पुढे पाण्याची धार ऐकू आली, हात लावला तर दगडाची डोणी. मग वास आला, मधासारखा, फुलांचा. भर जानेवारीत...

आणि वर कुठेतरी घंटा वाजली.

आमच्याकडे म्हणतात, चकवा लागला की हाकेला ओ देऊ नये. ओ दिली की माणूस त्याचा झाला. मी ईशिताला पोटाशी धरलं आणि कुजबुजले, "गप राहा हं बाळा." वर्षभर जिला 'बोल' म्हणून विनवत होते, तिला मी गप राहा म्हटलं.

घंटा वाजत राहिली. मग दोन टोलांमधलं अंतर वाढायला लागलं. ओढणारा दमला होता. ईशिताचे दात वाजायचे थांबले, अंग जड झालं. मला कळत होतं की आता ओ द्यायला हवी, आणि माझी जीभ टाळूला चिकटली होती. ईशिताने माझा हात झटकला, मान वर केली.

"पोपर!"

खणखणीत. पुन्हा एकदा, "पोपर!"

घंटा थांबली. वारा पडला. आम्ही फ्रान्सकाच्या कुलूपबंद घराच्या पायरीवर उभ्या होतो, आणि अंगणापलीकडे उमा आमच्या दारातून कोट न घालता धावत येत होती.

"मम्मा, आजी वॉज स्केअर्ड," ईशिता म्हणाली. उमा तिथेच बर्फात बसली.

दोन दिवसांनी फ्रान्सकाला भेटायला गेलो. तिच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या.

"हाताला काय झालं गं?"

"दोर खरखरीत होता," ती म्हणाली. "किती उशीर केलास ओ द्यायला. म्हातारी आहे मी."



मार्चअखेर ती घरी आली. बर्फ सगळा वितळला होता. एके दिवशी नदीवरून धुकं आलं, तेव्हा आम्ही तिच्या स्वयंपाकघरात सूप पीत होतो. ईशिता आता दिवसभर बडबडते, मराठीत भांडते, इंग्रजीत जिंकते. तिने दार उघडलं आणि मजेत धुक्याला ओरडून सांगितलं, "पोपर!"

थोडा वेळ काही नाही. मग फार लांबून, खालच्या अंगाने, पुरुषाचा जाड आवाज आला.

"कोवाच..."

"आजी, हू इज दॅट?"

फ्रान्सका उठली, कपाटातून आणखी एक वाडगा काढला, सूप वाढलं आणि दार उघडंच ठेवलं.

निघताना मी उंबऱ्यापाशी वाकून बूट शोधत होते. बाहेर बर्फाचा कण नव्हता. पायपुसण्यावर मात्र, मोठ्या पावलांएवढा, बर्फ वितळत होता.