जुन्या इमारतीची हाक

मोबाईल खिशात ठेवा आधी, मग सांगतो. आणि ते दार लोटून घे रे, वाऱ्यानं आपटतंय.

ही गोष्ट आमच्या हॉस्पिटलातल्या जावयाची. होता तो कॉम्प्युटरच्या जाळ्याचा माणूस, पण त्यानं मेट्रनबाईंची मुलगी केली आणि शिपायापासून सर्जनपर्यंत सगळ्यांचाच जावई झाला. सासूबाई त्याला भर वॉर्डात हाक मारायच्या, "जावईबापू, प्रिंटर!" मान आणि काम, दोन्ही दोन शब्दांत.

आठ वर्षांपूर्वीच्या मार्चमधला शेवटचा शनिवार. रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. जावई मुख्य इमारतीतून निघाला तो रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीतली एक पेटी बंद करायला. काम दहा मिनिटांचं.

पेटी म्हणजे राऊटर. तो काय करतो तेवढं समजून घ्या, नाहीतर पुढे भीती वाटायची नाही आणि माझे कष्ट फुकट जायचे. आमच्या प्रत्येक इमारतीत एकेक राऊटर होता. हे सगळे एकमेकांना सतत सांगत असतात, प्रयोगशाळेकडे जायचं तर इकडून, औषधांच्या कोठाराकडे तर तिकडून. आम्हा कारकुनांसारखेच दिवसभर बोलतात, फरक इतकाच की ते खरं सांगतात. पण ज्याचं ठिकाण कुणालाच ठाऊक नाही, त्यानं जावं कुठे? त्यासाठी एक राऊटर हाक मारतो, "ज्याचं ठिकाण माहीत नाही, ते माझ्याकडे पाठवा." कारण बाहेरच्या जगाची लाइन त्याच्याकडे असते. बाकीचे ती हाक ऐकतात आणि डोळे मिटून पाठवून देतात.

ती हाक मारायचा मान होता जुन्या इमारतीच्या राऊटरकडे. सगळं जाळं उभारलं होतं मास्तरांनी. शाळेत कधी शिकवलं नाही, पण येईल त्याला झापायचे म्हणून मास्तर. जावयाचे गुरू. वर्षभरापूर्वी त्याच खोलीत खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. त्यांचा एक नियम होता. बाहेरची वाट आपल्याकडे आहे तोवरच हाक मारायची. लाइन तुटली की गप्प बसायचं, म्हणजे प्रयोगशाळेतला दुसरा राऊटर आपल्या जादा लाइनीवरून हाक मारायला लागतो. "वाट नसताना हाक मारतो तो राऊटर नव्हे," मास्तर म्हणायचे, "तो चकवा."

त्या शनिवारी जुन्या लाइनीच्या अंगात आलं होतं. येते, जाते, पुन्हा येते. दर वेळी हाक चालू, हाक बंद, आणि वॉर्डावॉर्डातून तक्रारी. जावयाचं चित्त कुठे थाऱ्यावर होतं! बायको पहिल्या बाळंतपणासाठी दुपारपासून दाखल झालेली. शेवटी वैतागून त्यानं जागेवर बसूनच जुन्या राऊटरला दिलेल्या हाकेच्या हुकुमापुढे एक शब्द वाढवला. ऑलवेज. लाइन असो वा नसो, हाक मारत राहा. तक्रारी थांबल्या. जावई बायकोपाशी जाऊन बसला.

"मुलगी झाली तर तिला तुमचं नाक नको," ती म्हणाली.

"आणि मुलगा झाला तर?"

"तर त्याला तुमचा पगार नको."

हसली ती. मग तिला आत नेलं.

साडेअकराला सासूबाई बाहेर आल्या. त्यांचा चेहरा बघून जावई उठून उभाच राहिला.

"रक्त थांबत नाहीये तिचं. नऊला शहरातल्या रक्तपेढीकडे मागणी टाकली. इथे दिसतंय, पाठवली. आत्ता मोबाईलवरून विचारलं, तर म्हणतात आमच्याकडे काही आलंच नाही. मागणी पडद्यावर दिसल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. नियम आहे म्हणे." त्यांनी जावयाकडे पाहिलं. "जावईबापू, तुमचं ते जाळं..."



 जावयानं पळत जाऊन मुख्य इमारतीचा राऊटर पाहिला. जुनी लाइन केव्हाच मेली होती. पण जुना राऊटर हाक मारत होता, माझ्याकडे पाठवा, माझ्याकडे पाठवा. म्हणून प्रयोगशाळेतला दुसरा गप्प. मागणी नऊ वाजल्यापासून त्या अंधाऱ्या खोलीकडे जात होती आणि तिथून पुढे वाट नव्हती. त्यानं बसल्या जागेवरून तो शब्द मागे घेऊन पाहिला. जुना राऊटर ऐकेना. नुसती हाक चालू.

म्हणून तो निघाला. केबल हातानं ओढून काढायला.

फाटकावर वॉचमन होता.

"साहेब, बॅटरी घ्या. आत वीज नाही."

"का?"

"सोमवारी पाडायचीय ना इमारत. उद्या न्यायचा मीटर आज संध्याकाळीच काढून नेला."

जावई थबकला. हाक तर त्यानं आत्ता, पाच मिनिटांपूर्वी पाहिली होती. बॅकअपवर चालत असेल, त्यानं मनाशी म्हटलं. बॅकअप अर्ध्या तासाच्या वर टिकत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तरी म्हटलं.

मोबाईलच्या उजेडात तो जिना चढला. खोलीचं दार नुसतंच लोटलेलं होतं. राऊटरवर एकही दिवा नव्हता. त्यानं वर हात ठेवला.

गार.

मास्तरांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून होती. नेहमी तशीच असायची. बहुतेक.

केबलकडे हात गेला आणि टेबलावरचा फोन वाजला.

त्या फोनची तार जमिनीवर पडली होती. दुसरं टोक कशातही नव्हतं.

वाजत राहिला.

जावयानं उचलला.

"अहो..."

बायकोचा आवाज.

"तू... कुठून बोलतेयस?"

"इथं अंधार आहे. कुठे जायचं कळेना. मग तुमची हाक आली."

"मी नाही मारली."

"मारताय की... केव्हाची."

 पलीकडे काहीतरी होतं. बारीक. ओलं. तान्ह्या पोराचं रडणं.

"हे पण आलंय," ती म्हणाली. "माझ्या मागोमाग."

"परत जा. ऐक माझं... इथून पुढे वाट नाही. आलीस तशी परत जा."

"आणि हे?"

...

"अहो, आणि हे?"

मागे खुर्ची करकरली.

त्यानं वळून पाहिलं नाही. डोळे मिटले. केबल ओढली.

रडणं मधेच तुटलं.

हो, विचार. हे मला कोणी सांगितलं? त्यानंच. रजेच्या अर्जात कारण काय लिहू, असं विचारायला माझ्या टेबलाशी आला होता. मी लिहिलं, घरगुती.

तर केबल निघाली त्याच क्षणी प्रयोगशाळेतला राऊटर बोलायला लागला. अडकलेली मागणी रक्तपेढीत उमटली. गाडी सुटली. जावई पळत परत आला, तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"नाडी गेली होती पोरीची," त्या म्हणाल्या. "आत्ता आली. रक्त वेळेवर पोचलं तर वाचेल." मग पदराचा बोळा तोंडाशी धरला. "मुलगा होता. रडलाच नाही हो. एकदाही नाही."

"रडला," जावई म्हणाला.

त्यांना वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय.

बायको वाचली. तिला त्या रात्रीचं काही आठवत नाही. जावयानं कधी विचारलंही नाही.

सोमवारी इमारत पाडली. आता तिथे गाड्या उभ्या राहतात. तो राऊटर जावयानं स्वतःच्या हातानं भंगारात घातला. मुख्य इमारतीतलाही पुढे बदलला, नवा कोरा आला. गेल्या महिन्यात नोकरीला लागलेल्या इंजिनिअर मुलीनं त्यातली रस्त्यांची यादी उघडली, तर नव्या लाइनीच्या ओळीखाली अजून एक ओळ. जुन्या इमारतीच्या पत्त्यावरून. ज्याचं ठिकाण माहीत नाही, ते माझ्याकडे.

"सर, ही कुठून येते? तिथे तर काहीच नाहीये. काढून टाकू?"

"राहू दे," जावई म्हणाला.

"पण सर..."

"राहू दे. लहान आहे."

राऊटर प्रत्येक रस्त्यापुढे त्याचं वय लिहितो. वीज गेली, पेटी बदलली, की सगळ्यांचं वय पुन्हा शून्यापासून सुरू होतं. त्या एका ओळीचं होत नाही.

येत्या मार्चला तिला नऊ वर्षं पूर्ण होतील.