पान बावीस-तेवीस

दुपारी छापखानेवाल्याचा फोन आला, तेव्हा तिची दोनच पानं जोडायची राहिली होती.

"ताई, ते समोरासमोरचं जोडपान संध्याकाळपर्यंत पाठवा. आणि मधल्या घडीत कुणाचं तोंड नको हं, शिवणीत जातं. मागे एकाने नवरीचं नाकच घालवलं!"

ती हसली. सहा वर्षं दूरदेशी चित्रकथा शिकून ती परतली, ती याच पुस्तकासाठी. कागद कारखान्याच्या आगीत अकरा माणसं गेली होती, आणि वीस वर्षांत कुणी त्यांचं नावही काढलं नव्हतं. आपण काढायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

चित्रात बंद दारापुढे ती माणसं उभी होती. डाव्या पानावर पाच, उजव्यावर सहा. खरं तर जोडपान पहिल्यापासून एकत्रच काढायचं असतं. पण घाईत तिने दोन्ही पानं सुटी काढली होती. आता तिने सॉफ्टवेअरमध्ये 'पानं जोडा'वर क्लिक केलं.

मधोमध बारावा माणूस उभा राहिला.

दोन्ही पानांच्या आतल्या कडेला तिला दाराची सावली वाटली होती. ती एकाच माणसाची दोन अर्धी होती. पाठमोरा, दोन्ही तळवे दारावर टेकलेला. तिने चित्राच्या थरांची, लेयरची यादी पाहिली. माणसागणिक एक, अकराच. तिने त्याला खोडलं, पानं सोडवली, पुन्हा जोडली. तो होताच. खोलीत ओल्या, जळक्या कागदाचा वास दाटू लागला.

"बाबा, जरा येता?"

कारखान्यात आग लागली, त्या पाळीचे बाबा मुकादम होते. "एवढं शिकून आलीस, आणि दिवसभर माणसं इकडची तिकडे सरकवतेस," असं म्हणत ते आले आणि पडद्यापुढे थिजले.

"याच्याबद्दल… कुणी सांगितलं तुला?"

"कोण आहे हा?"

"बदली कामगार. त्याच दिवशी आला होता. हजेरीत चढवायचा राहिला… मागच्या दाराला कुलूप मीच घातलं होतं गं. माल चोरीला जायचा म्हणून. किल्ली माझ्या खिशात, आणि मी पळालो."

"नाव काय त्याचं?"

"आठवत नाही… घडीतच राहू दे त्याला. शिवणीत जाईल. कुणाला दिसणार नाही."

"मग मी परत आले कशाला, बाबा?"

तिने त्याला धरून उजव्या पानावर सरकवलं. या वेळी तो निमूट सरकला. यादीत बारावा लेयर उमटला, बिननावाचा. घडी मोकळी झाली.

"सकाळपर्यंत नाव आठवतो," म्हणून बाबा उठले. तिने छापखान्याकडून एक दिवस मागून घेतला.

सकाळी खोलीभर ऊन होतं. तिने फाइल उघडली. बाराही जण जागच्या जागी होते. आणि मधल्या घडीत कुणीतरी पाठमोरं उभं होतं. डावा खांदा बाबांसारखाच किंचित उतरलेला, हातात किल्ली.

ती स्वयंपाकघरात धावली. बाबा खुर्चीत बसून पाय चोळत होते. पुढ्यातल्या कपावर बोटांचे काळे ठसे.

"बाबा… बरे आहात ना?"

"पाय भरून आलेत. रात्रभर उभा होतो. फार अरुंद आहे गं तिथं." त्यांनी वर पाहिलं नाही. "नाव विचारलं मी त्याला. म्हणतो… आधी दार उघडा, मुकादम."