विहिरीच्या काठावरची बिट्टी

दार उघडून तो आत डोकावला, आणि मी मान वर न करताच म्हटलं, "उशीर झालाय. बसा. वाचा."

आमच्या प्रकाशनात मुद्रितं तपासायचं काम जोडीने चालतं. एकाने जुनं पुस्तक मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नव्या आवृत्तीवर पेन्सिल धरायची. माझी जोडीदार मावशी रजेवर होती, बदली माणूस यायचा होता. हाच तो, असं मी धरून चालले.

तो मुकाट्याने बसला. मी सवयीने हिशेब मांडला. जमेला डोळे, आणि त्यांवर येणारी ती झुलपं. नावे, शर्टाचं चुकलेलं बटण. शिल्लक... बरी होती.

"'कंदील टोळी' मालिका, भाग 'विहिरीतला दरवाजा'," मी जुनं पुस्तक सरकवलं. "स्वल्पविरामसुद्धा म्हणायचे."

त्याने पुस्तक उघडलं आणि आधी हुंगलं! मीही सकाळी तेच केलं होतं – पण ते कुणाला सांगायचं थोडंच असतं?

तो वाचत गेला, मी कुरकुरत गेले. "टोळीच्या नावात कंदील, आणि नव्या आवृत्तीत हातात मोबाइल! कोण हा शहाणा, ज्याने ही मोडतोड केली?"

"असेल कुणी पोटार्थी, स्वल्पविराम," तो गंभीरपणे म्हणाला, "बिचारा, पूर्णविराम."

मी हसू खोकल्यात लपवलं.

मग ते प्रकरण आलं. टोळीतली पोरं दोराने विहिरीत उतरतात, ते. त्याचा आवाज खाली गेला. तो स्वल्पविराम विसरला, मी पेन्सिल विसरले. ओला दगड... हाताला लागलेली कडी... आणि ती कडी पलीकडून कुणीतरी हळूच ओढतंय...

खिडकीत लख्ख ऊन होतं, आणि माझ्या हातावर काटा! शाळेत असताना आला होता, तस्सा. दगड, कडी, पाणी – किती साधे शब्द! त्यांतून एवढा थोरला काळोख उभा राहतो तरी कसा?

"आता नवं बघा," मी कुजबुजले. "मोबाइलचा उजेड पडला, दरवाजा दिसला, उघडला. काळोख गेला कुठे?"

तो काही बोलणार, तेवढ्यात साहेब आत आले. "अहो लेखकमहाशय, इथे बसलात होय? जुन्या मालिकेची ही नवी आवृत्ती तुम्ही लिहिलीत, आता तिच्यावर तुमची सही हवी. आज नाही झाली, तर पुढचे भाग दुसऱ्याला देईन हं!" कागद ठेवून ते गेलेसुद्धा.

माझे कान तापले. "तुम्ही... सांगायचं नाहीत?"

"तुम्ही बसा म्हणालात, बसलो. मग उठावंसंच वाटेना."

"आणि मोबाइल?"

"साहेबांचा हट्ट. पण एक बदल माझा आहे. त्यावर तुम्ही कुरकुरला नाहीत."

मी पान पाहिलं. जुन्या पुस्तकात टोळीतली एकुलती एक मुलगी, बिट्टी, काठावर दोर धरून उभी राहायची. प्रत्येक भागात. याने तिला खाली उतरवलं होतं.

"लहानपणी माझी ताई इथेच पुस्तक मिटायची," तो म्हणाला. "म्हणायची, दर वेळी मीच का दोर धरू?"

ही पुस्तकं मी पाठ केली होती. पण वाचताना मी नेहमी विहिरीत असायचे. बिट्टी वरच राहिली, हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

"मग उतरवा तिला," मी म्हटलं. "पण काळोखात उतरवा. उजेडात उतरवून तिला काय मिळणार?"

त्याने सहीच्या कागदाकडे पाहिलं. बराच वेळ. पुढचे सगळे भाग त्या एका सहीवर अवलंबून होते. मग त्याने तो कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहू लागला.

"अहो, साहेब...!"

"श्‌... बिट्टी उतरतेय."

लिहिता लिहिताच तो वाचू लागला. दोर करकरला. कंदील विझला. बिट्टीच्या बोटांना कडी लागली. थंडगार... पलीकडून कुणीतरी ओढली... माझा हात त्याच्या हातावर कधी गेला, मला कळलं नाही.

तो थांबला.

"थांबलास का? वाच ना. कोण आहे पलीकडे?"

"माहीत नाही," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आजवर तिला कुणी काळोखात खाली सोडलंच नव्हतं गं."

मी खुर्ची उचलली आणि टेबलाला वळसा घालून त्याच्या बाजूला गेले.

"सरक थोडा," मी म्हटलं. "दोघं बघू."