भिंतीवरची दहावी काच

दर वर्षी पावसाच्या तोंडावर मी नारायण पेठेत जायची. तिथं तसबिरी मढवणारा एक दुकानदार होता. काच कापून उरलेल्या पट्ट्या त्याच्याकडे मिळत. बोटाएवढ्या रुंद, वीतभर लांब. त्या वर्षीही गेले. त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

"काय हो बाई, भिंतीला चष्मा लावता का काय दर साली?"

"हो. माणसांना दिसत नाही, म्हणून भिंतीलाच लावते."

नऊ पट्ट्या घेतल्या. नऊच. आकडा लक्षात ठेवा.

मी तुळजाबाई. शाळा चौथीपर्यंत. बिगारी म्हणून डोक्यावर घमेलं घेतलं आणि स्वतःच्या हिमतीवर मुकादम झाले. तेव्हा आमचं काम धायरीत चाललं होतं. टेकडी कापून एक इमारत झाली होती, दुसरी उठत होती. कापलेली टेकडी खाली येऊ नये म्हणून तिच्या अंगाला दगडी भिंत, तीन पुरुष उंच. भिंतीच्या पायथ्याला आमच्या पत्र्याच्या खोल्या. एकतीस माणसं, पोरंबाळं धरून.

भिंत सिराज मिस्त्रीनं बांधलेली. मागचं पाणी बाहेर पडावं म्हणून त्यानं जागोजाग आरपार पाईप सोडले होते. बिडी ओढत मला सांगायचा, "बाई, पावसात हे पाईप वाहत असले तर खुशाल झोपा. भर पावसात कोरडे पडले, की उठा."

काचेची युक्तीही त्याचीच. भेग दिसली की तिच्यावर काचेची पट्टी आडवी ठेवायची, दोन्ही टोकांना सिमेंटचा माल लावायचा, ओल्या मालात तारीख कोरायची. भिंत केसभर हलली तरी काच तडकते. माल तो अंगठ्यानं दाबायचा. उजव्या अंगठ्याचं पेर दगडाखाली गेलेलं, त्यामुळं ठसा उमटायचा अर्ध्या सुपारीएवढा.

सिराज छातीच्या दुखण्यानं गेला, त्याला तीन वर्षं झाली होती. त्याची बायको रझिया आमच्याच ओळीत शेवटच्या खोलीत राहायची. लेक नसीम बाळंतपणाला आलेली. मूल आठ दिवसांचं.

तो मेला आणि मालकानं भिंतीच्या मागं वर राडारोडा टाकायला सुरुवात केली. ट्रकच्या ट्रक. मी बोलले, तर साईटचे इंजिनिअर श्रीधरसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही हजेरी बघा."

आषाढात तीन दिवस धो धो पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी तीनला इतकं अंधारून आलं, की खोल्यांत कंदील लावले. वीज सकाळीच गेलेली. मी पावसात भिंत बघायला निघाले, तर बायका दारात खुशीत बसलेल्या.

"मुकादमीण, आज भिंतीचं पाणी नाही बघ अंगणात. पाईप बंद झालेत."

मी जागेवर थांबले. खरंच... पत्र्यावर पाऊस कोसळत होता, आणि भिंत गप्प होती. इतकी वर्षं पावसाळाभर जो पाण्याचा खळखळाट कानात होता, तो नव्हता. एकेका पाईपात बोट घातलं. कोरडं. आतून गार वारा आल्यासारखं वाटलं आणि बिडीचा वास आला. भिजलेल्या, विझत चाललेल्या बिडीचा. जवळपास कुणी नव्हतं.

कंदील घेऊन काचा बघत गेले. एक, दोन, तीन... नऊच्या नऊ साबूत. बरं वाटलं. मग शेवटच्या खोलीच्या मागं, रझियाच्या चुलीच्या नेमकं वर, दहावी दिसली.

ती मी लावलेली नव्हती.

कंदील जवळ नेला. काच जुनी, कडा पिवळ्या पडलेल्या. तिच्याखाली भेग नव्हती. दगड आणि सांधा, दोन्ही धडधाकट. मला राग आला. कुणीतरी थट्टा केली असणार. मालाला बोट लावलं, तर तो ओला. आणि त्यात ठसा... अर्ध्या सुपारीएवढा.

"रझिया," मी हाक मारली, "बाहेर ये जरा."

ती पदरानं हात पुसत आली. कंदिलाच्या उजेडात तिनं बघितलं. आपला अंगठा त्या ठशावर ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिली.

"नसीमच्या अब्बांचा आहे," ती हळूच म्हणाली. "असा दुसऱ्या कुणाचा नाही..."

तेवढ्यात आतून आवाज आला. ठक... ठक... थापीची मूठ दगडावर मारून मिस्त्री पोकळी तपासतो, तसा. भिंतीच्या आतून. एकेक दगड पुढं सरकत. आमच्यासमोर येऊन थांबला.

आणि टिक् करून काच तडकली.

मी धावत ऑफिसच्या खोलीत गेले. श्रीधरसाहेब चहा पीत होते.

"साहेब, खोल्या रिकाम्या करायच्या. समोरच्या तयार इमारतीचं पार्किंग उघडा."

"काय झालं? भेग पडली?"

"नाही. पाईप कोरडे पडलेत."

"मग चांगलंच आहे की."

"तुम्ही शिकलेले ना? इतकं पाणी वर पडतंय. बाहेर येत नाही, मग जातंय कुठं?"

"बाई, ड्रॉइंग मी पाहिलंय. शंभर वर्षं काही होत नाही त्या भिंतीला."

"ड्रॉइंगमध्ये राडारोडा काढलाय का?"

त्यांचा कप खाली आला. पण किल्ली काही निघेना. म्हणे पार्किंगला नवी फरशी आहे, रविवारी गिऱ्हाईकं येणार आहेत, मालकाला विचारावं लागेल. वर म्हणाले, "माणसं हलवलीत तर मुकादमकी गेली समजा."

"गेली," मी म्हणाले. काचेचं आणि ठशाचं त्यांना सांगितलं नाही. पाईपाचं कळेना, त्याला ते काय कळणार?

पहार घेतली आणि पार्किंगचं कुलूप तीन घावांत तोडलं. मग एकेका दाराशी जाऊन शिव्या घातल्या. हात जोडून माणूस उठत नाही, हा माझा अनुभव. भांडी राहू दे, ट्रंक राहू दे, म्हातारीला उचल, चल! नसीम उठेना. बाळंतीण, अंगात ताप. "मावशी, पाऊस थांबल्यावर..." म्हणाली. मी मूल उचललं आणि चालायला लागले. आई मागं येतेच. रझियानं तिला धरून आणली.

पार्किंगमध्ये मी डोकी मोजली. तीस. पुन्हा मोजली. तीस. भिंतीकडे पळणार, तोच रझिया म्हणाली, "बाई, स्वतःला मोजलं का?"

ती हसली आणि त्याच वेळी भिंत गेली. धडाडधूम असं काही नाही. आधी एक मोठा सुस्कारा, मग पत्रे कागदासारखे चुरगाळल्याचा आवाज. मातीचा लोंढा खोल्यांवरून पुढं येऊन नव्या फरशीच्या कडेशी थांबला. रझियाची चूल होती तिथं हत्तीएवढे दगड.

एकतीस होतो. एकतीस राहिलो. एकाला खरचटलंसुद्धा नाही. हे सांगताना माझी मान ताठ होते, आणि का होऊ नये? मोठमोठ्या पदव्या चहा पीत होत्या, आणि चौथी पास बाईनं कुलूप तोडलं.

पुढं चौकशीला माणसं आली. एकजण म्हणाला, मिस्त्रीनं भिंतच कच्ची बांधली असेल. रझिया आयुष्यात प्रथमच परक्या पुरुषांत मोठ्यानं बोलली, "आमच्या यांची भिंत पडली नाही साहेब. राडारोडा टाकून तिचं तोंड दाबलंय." पाईप फोडून बघितले. सगळ्यांच्या मागं गच्च राडारोडा. त्यांनी तसं लिहून घेतलं. ते लिहून घेईपर्यंत मी तिथून हलले नाही.

माझ्या नऊ काचा तुकडे होऊन मातीत सापडल्या. दहावी सापडली नाही. मी चार दिवस शोधली.

त्याला आता कैक वर्षं झाली. मी येरवड्यात राहते, तीन मजली इमारतीत खालची खोली. पक्की आहे, मीच पारखून घेतली. पावसाआधी आसपासच्या सोसायट्या मला भिंती दाखवायला बोलावतात, आणि मी जे सांगते ते करतात.

मात्र हे मी रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर बसून लिहिते आहे. सगळी बिऱ्हाडं बाहेर काढलीत. कुणी कुरकुरतंय, कुणी हसतंय. हसू देत. सकाळी चहा ठेवायला गेले, तर ओट्याच्या वर भिंतीला एक काच लावलेली. जुनी, पिवळ्या कडांची. माल ओला. त्यात अर्ध्या सुपारीएवढा ठसा.

मी विजेरी धरून नीट बघितलं. काचेखाली भेग नाही.

अजून नाही.