सात नंबरची गाडी आणि हळदीचं पाणी

“गाडी लपवून टाकू!” प्रतीक्षा म्हणाली.

“कुठी लपवतं? दप्तरात?” नितेशने विचारलं.

“कुटाराच्या ढिगात! वरून कुटार टाकाचं. साहेब येईन, पाह्यीन, चालला जाईन!”

तिघं गोठ्यात भुशाच्या ढिगाशेजारी बसले होते. समोर ती गाडी उभी होती: विजेवर चालणारी, तीन चाकांची, हिरवी, अंगावर पांढरा सात आकडा. खुशीच्या मांडीवर एक पत्र होतं. त्यातली एक ओळ तिला न बघताही पाठ झाली होती: “वाहन क्रमांक सात. तपासणीत दोष आढळला नाही. चालकाचा निष्काळजीपणा. वाहन शनिवारी परत घ्यावे.”

तो चालक म्हणजे खुशीचे बाबा, देवानंद. चैत्र लागता लागता तापाने गेले. पत्र नंतर आलं, अमरावतीहून.

एरवी उन्हाळ्याच्या सुट्टीत या घरात नुसता दंगा असायचा. नितेश हा खुशीचा मामेभाऊ, चौदा वर्षांचा, अकोल्याच्या जठारपेठेतला, आणि त्यामुळे जगातलं सगळं माहीत असलेला. प्रतीक्षा शेजारची, अकरा वर्षांची, जिला काही माहीत नसलं तरी अडत नसे. खुशी दोघांच्या मधली. भातकुलीच्या अलीकडच्या या गावात तिघांची सुट्टी कशी जायची, ते विहिरीला विचारावं. यंदा विहीर गप्प होती.

आता या गाडीची गोष्ट सांगितली पाहिजे. धूर न सोडणाऱ्या गाड्या लवकर तयार व्हाव्यात म्हणून अमरावतीचं एक कॉलेज आणि अकोल्याचा एक कारखाना एकत्र आले होते. एकट्याने दहा वर्षं लागतील, दोघांनी मिळून केलं तर तीन, असा हिशेब. बॅटरी आणि तिच्या वायरी कॉलेजच्या, वरचा सांगाडा कारखान्याचा. बारा गाड्या बनल्या आणि भाजीवाल्या शेतकऱ्यांना चालवून बघायला दिल्या. प्रकल्पाच्या नावात ‘संयुक्त’ हा शब्द दोनदा होता. सगळ्यांसाठी एक व्हॉट्सॲप ग्रुपही होता. त्यात फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येत होतं. बाकीच्यांनी सहकार्य करायचं होतं.

सात नंबरची गाडी अमरावतीच्या बाजाराच्या वाटेवर मधेच बंद पडायची. तासाभराने आपोआप सुरू व्हायची. मेकॅनिक येईपर्यंत तर ती अशी ठणठणीत असायची की मेकॅनिकच आजारी वाटावा. मग तो म्हणायचा, “तुमी रातच्याला चार्जिंगले लावतच नसान.” बाजारातले लोक हसायचे. “देवानंद, उद्या बैल घेऊन ये बाप्पा!”

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत बाबा खुशीला म्हणाले होते, “माह्यंच काही चुकत असन वं.”

“बाबा रोज चार्जिंगले लावत,” खुशी एकदम म्हणाली. “मी सोता पिन खोसत होती. मले गाडी लपवाची नाई. मले हे ‘निष्काळजीपणा’ खोडून पायजे.”

प्रतीक्षाने ढिगाकडे एकदा हळहळून पाहिलं. “मंग खोडू,” ती म्हणाली.

नितेशने गाडीतला कागदांचा गठ्ठा काढला. रोज काय माल नेला आणि गाडी कशी चालली, हे चालकाने लिहायचं, असा प्रकल्पाचा नियम होता. बाबांनी एकही दिवस चुकवला नव्हता. मोठं, गोल अक्षर.

“वांगे: ठीक. कांदे: ठीक. मेथी: बंद पडली,” नितेश वाचू लागला. “वांगे: ठीक. पालक: बंद. सांबार: बंद. भेंडी: ठीक... गाडीले पालेभाजी आवडत नाई का काय?”

“तुयासारखीच आहे,” प्रतीक्षा म्हणाली.

पण खुशी उठून उभी राहिली होती. “मेथीवर ओलं पोतं राह्यते! पालकवर बी, सांबारवर बी. वांग्यावर कोन टाकते?”

भर उन्हात मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, अशी पालेभाजी बाजारापर्यंत हिरवी न्यायची तर तिच्यावर ओलं गोणपाट टाकावं लागतं, आणि वाटेत दोनदा शिंपावं लागतं. हे या गावात शेंबड्या पोरालाही कळतं. एवढ्या लहानपणी कळणारी गोष्ट इंजिनिअरांच्या पुस्तकात कोण छापणार?

“पानी जाते कुठी, ते पाहू!” नितेश गाडीखाली घुसला. खुशीने बादलीत मूठभर हळद कालवली, म्हणजे थेंब दिसेल. प्रतीक्षाने पोतं पिवळं चिंब केलं.

“काही नाई दिसत... काहीच नाई... आई गं!”

“काय झालं?”

“नाकावर पडलं!” नितेश ओरडला. मग त्याचा आवाज बदलला. “खुशे, गाडीच्या तळाले चार भोकं आहेत. एकाच्या बराबर खाली बॅटरीचा प्लग आहे. थेंब त्याच्यावर पडून राह्यले. पिवळाजर्द झाला प्लग!”

“सापडलं!” प्रतीक्षा नाचू लागली. “ओला झाला का बंद! उनात सुकला का चालू! सापडलं!”

खुशी बादलीकडे बघत होती.

“म्हंजे पानी बाबानंच टाकलं न,” ती म्हणाली. “म्हंजे चूक बाबाचीच.”

प्रतीक्षाचा नाच थांबला. खुशीने बादली उचलली, पाणी कोपऱ्यात ओतून दिलं आणि पत्राची घडी घातली. “नेऊ द्या गाडी,” ती म्हणाली.

“थांब,” गाडीखालून नितेश म्हणाला. “सगळीकडं हिरवा रंग आहे, भोकाच्या काठाले रंगच नाई. भोकं मांगून पाडले. कोनी पाडले? काहून पाडले?”

सांगाडा अकोल्याचा. म्हणजे भोकंही अकोल्याची.

दुसऱ्या दिवशी ‘नितेशच्या घरी जातो’ असं सांगून तिघं एसटीने अकोल्याला गेले. हे खोटं नव्हतं. जठारपेठेत ते जेवलेच. नंतर कारखान्यात गेले, एवढंच सांगायचं राहिलं.

कारखान्याचे साहेब खुशालराव यांच्या खोलीत सन्मानचिन्हांना जागा पुरत नव्हती, म्हणून साहेब जरा अंग चोरून बसले होते. टेबलाच्या कडेला सुतळीने बांधलेली तक्रारवही लोंबत होती.

“वही पाह्यची आहे,” नितेश म्हणाला.

“बाहेरच्या माणसाले वही दाखवत नसतो.”

“पाह्यची नाई जी,” प्रतीक्षा गोड आवाजात म्हणाली, “तक्रार लिवाची आहे.”

तक्रार लिहायची म्हटल्यावर वही देणं भागच होतं. नियम नियम असतो. प्रतीक्षाने पानं उलटून खुशीसमोर धरली, आणि खुशीला ते मोठं, गोल अक्षर दिसलं.

“११ फेब्रुवारी. गाडीच्या तळात पाणी साचते, मेथी सडते. देवानंद.” खाली लाल शाईत: “चार भोके पाडून दिली. तक्रार निकाली.”

दोन पानांनंतर पुन्हा: “३ मार्च. भोकातलं पाणी खाली कशावर पडते, एकदा पाहा. पाणी टाकलं त्याच दिवशी गाडी बंद पडते. देवानंद.” खाली लाल शाईत: “खालचा भाग बॅटरीचा. विषय आपला नाही. अमरावतीस कळवावे.”

खुशीने ते तीनदा वाचलं. बाबांना सापडलं होतं. सगळ्यांच्या आधी. आणि तरी ते दवाखान्यात तसं म्हणाले होते.

“अमरावतीले कळवलं का, साहेब?” नितेशने विचारलं.

“दिसत नाई का? ‘कळवावे’ असं स्वच्छ लिवलं आहे.”

“हो, पन कोनी कळवाचं?”

खुशालरावांनी थोडा विचार केला. “ते लिवाचं राह्यलं,” ते म्हणाले.

नितेशने गुपचूप फोटो काढले. तेवढ्यात प्रतीक्षाने वहीत खरोखरच तक्रार लिहिली: “पंखा साहेबांकडेच फिरतो.”

शनिवारी गाडी न्यायला अमरावतीच्या कॉलेजातून वर्षाली मॅडम आल्या, अकोल्याहून खुशालराव आले. धूर न सोडणाऱ्या गाडीसाठी दोन धूर सोडणाऱ्या गाड्या गोठ्यासमोर उभ्या राहिल्या.

खुशीची आई, कौशल्या, दारात उभी होती. तिला पोरांनी काहीच सांगितलं नव्हतं.

“गाडी न्या,” खुशी म्हणाली. “पन आधी खालून पाह्या.”

“खालून?” मॅडमनी विचारलं.

“मी ताडपत्री हातरली आहे. दोघंबी झोपा.”

मॅडम पोरीच्या चेहऱ्याकडे क्षणभर बघत राहिल्या आणि खरंच आडव्या झाल्या. मग खुशालरावांनाही पांढऱ्या सफारीत झोपावं लागलं. प्रकल्प सुरू झाल्यापासून दोन्ही संस्था प्रथमच एका पातळीवर आल्या.

नितेशने गाडीची किल्ली फिरवली. मागची चाकं विटांवर उचलून ठेवली होती, ती गरगर फिरू लागली. प्रतीक्षाने मेथीवरच्या पोत्यावर हळदीचं पाणी ओतलं. एक थेंब पडला, दुसरा पडला, मग धारच लागली. चाकं मंद झाली आणि थांबली.

“हा प्लग इकडं कसा?” खुशालराव खालून ओरडले. “आमच्या नकाशात तर डाव्या बाजूले आहे!”

“चार्जिंगला सोपं पडावं म्हणून जानेवारीत आम्ही उजवीकडे घेतला,” मॅडम म्हणाल्या. “आणि ही भोकं? ही आमच्या नकाशात नाहीतच!”

“फेब्रुवारीत पाडली. बाराही गाड्यांले.”

“आम्हाला सांगितलं नाहीत!”

“तुमी सांगतलं का?”

खुशालरावांची सफारी पिवळी होत होती, पण ते हलले नाहीत.

मॅडम बाहेर आल्या तेव्हा खुशीने फोटो पुढे केला. तीन मार्चचा. मॅडमनी वाचला आणि फोन खुशालरावांकडे दिला. त्यांनी तो बराच वेळ धरून ठेवला.

“बारा गाड्यांत हाच प्लग आहे,” मॅडम हळूच म्हणाल्या. “हे एक वाक्य मार्चमध्ये आमच्यापर्यंत आलं असतं, तर बाराही गाड्या आतापर्यंत नीट झाल्या असत्या.”

“शाब्बास, पोट्टेहो!” खुशालराव म्हणाले. “तुमच्यासारखा एखादा मानूस आमच्याकडं पायजे होता.”

“होता न, साहेब,” प्रतीक्षा म्हणाली. “तुमच्याच वहीत होता.”



मॅडम बाजेवर बसल्या. त्यांनी जुनं पत्र मागून घेतलं, ती ओळ खोडली आणि नव्या कागदावर लिहायला घेतलं. “चालकाचं पूर्ण नाव सांग, बेटा.”

“देवानंद गोवर्धन बेलसरे,” खुशी म्हणाली. नाव सांगताना तिला दोनदा थांबावं लागलं.

मॅडमनी वाचून दाखवलं: “वाहन क्रमांक सात. चालकाची चूक नाही. प्लगची जागा आणि तळाची भोके यांचा मेळ आम्ही घातला नाही. हा दोष श्री. देवानंद गोवर्धन बेलसरे यांनी तीन मार्चलाच शोधून लेखी कळवला होता. दोन्ही संस्थांनी त्याची दखल घेतली नाही. बाराही वाहनांत दुरुस्ती करावी. वाहन क्रमांक सात याच घरी राहील.” खाली त्यांनी सही केली. खुशालरावांनीही केली, निळ्या शाईने.

खुशीने आईकडे पाहिलं. आई दाराची चौकट धरून उभी होती.

“मॅडम,” आई म्हणाली, “अजून एक डाव वाचता का? जरा मोठ्यानं वाचा.”

मॅडम उभ्या राहिल्या, त्यांनी घसा साफ केला आणि पहिल्या शब्दापासून वाचायला सुरुवात केली.